डग्गा कुठे गेला?

कोथरूडमधल्या एका घरातला हा प्रसंग. आजोबांच्या पंचाहत्तरीला मुला-नातवंडांनी वर्गणी काढून नवा टर्नटेबल आणला. माळ्यावरचा रेकॉर्डींचा खोका वीस वर्षांनी खाली उतरला, मऊ फडक्याने धूळ पुसली गेली आणि भीमसेन जोशींची एलपी फिरू लागली. तंबोरा सुरू झाला, पण तो तंबोरा कसला! कानाशी डास गुणगुणावा तसा. आवाज वाढवला तर गायकाचा प्रत्येक ‘स’ पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा. थोड्या वेळाने तबला आला. आजोबांनी तरुणपणी काही वर्षं तबला घासलेला. त्यांनी एक आवर्तन ऐकलं, दुसरं ऐकलं आणि नातीला विचारलं, “अगं, हा सोळाच्या सोळा मात्रा खालीच वाजवतोय की काय?”

तक्रार अगदी नेमकी होती. ‘धा’ हा दोन हातांचा बोल. उजव्या हाताची चाट आणि डाव्या हाताचा घुमारा एकत्र आले की ‘धा’ होतो; डावा काढून घेतला की उरतो ‘ता’. तीनतालात खालीच्या जागी वादक डग्ग्याचा घुमारा मुद्दाम थांबवतो, म्हणून तर ऐकणाऱ्याला खाली-भरी कळते. इथे डग्गा सगळीकडूनच गायब झाला होता, त्यामुळे सगळा ताल खालीचा. बेस कमी पडतोय हे इतक्या कमी शब्दांत एखादा ध्वनी-अभियंताही सांगू शकला नसता.

दुकानात फोन गेला. तिकडून तत्काळ निदान आलं, “काका, एवढ्याशा स्पीकरवर बेस येणारच नाही. सबवूफर घेऊन टाका.” किंमतही सांगून झाली. फोन ठेवल्यावर नातीने टर्नटेबलची पाठ आपल्याकडे वळवली. तारा जोडतात त्या जागेशेजारी तांदळाच्या दाण्याएवढी एक सरकपट्टी होती. एका बाजूला ‘फोनो’ लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला ‘लाइन’. पट्टी ‘फोनो’कडे होती. तिने ती नखाने ‘लाइन’कडे सरकवली. आवाज आधी कमी करायला मात्र ती विसरली. त्यामुळे पुढच्या समेला डग्गा असा काही दणाणला की तिची आई हातातलं लाटणं घेऊन बाहेर आली.

दुरुस्तीचा खर्च शून्य रुपये.

हा एका घराचा किस्सा असला तरी रोग सार्वत्रिक आहे. काही वर्षांपासून रेकॉर्डींची हौस परत आली आहे. मुंबईच्या चोरबाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात एलपी चाळणाऱ्यांत आता पंचविशीतली मुलंही दिसतात. टर्नटेबल ऑनलाइन मागवता येतो, दारात येतो, तासाभरात फिरायला लागतो. आणि मग घरोघरी तीच कुरकूर ऐकू येते: आवाज पातळ आहे, भरीव नाही, मोबाइलवर याहून बरं वाजतं. या कुरकुरीवर बाजाराचं एकच औषध आहे, नवी वस्तू. महाग सुई, जाड तारा, मोठे स्पीकर, सबवूफर. खरं तर बेस हरवतो तेव्हा दोष बहुतेक वेळा वस्तूत नसतो, वस्तू एकमेकींना कशा जोडल्या यात असतो. पण सरकपट्टी सरकवण्याचं बिल फाडता येत नाही, ही दुकानदाराची अडचण समजण्यासारखी आहे.

मुळात रेकॉर्डवर बेस पूर्ण कधी नसतोच, आणि ही फसवणूक नाही. रेकॉर्डवरची खाच म्हणजे आवाजाची नागमोडी वाट. स्वर जितका खालचा तितकं तिचं वळण रुंद. १००० हर्ट्झचा एक सूर आणि ५० हर्ट्झचा दुसरा सूर सुईच्या सारख्याच वेगाने कोरायचे म्हटलं, तर दुसऱ्याचा हेलकावा वीसपट रुंद होतो. आता जागेचा हिशेब पाहा. एलपीची एक बाजू बावीस मिनिटांची धरली तर मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या हिशेबाने सव्वासातशेहून जास्त फेरे होतात. ते मावायचे सव्वातीन इंचांच्या पट्ट्यात. म्हणजे दर इंचाला सव्वादोनशेच्या आसपास फेरे. ही चाळ आहे. प्रत्येक बिऱ्हाडाने आपल्या खोलीत हातपाय आखडूनच झोपायचं. एखाद्या डग्ग्याने ऐसपैस पाय पसरले तर ते थेट शेजारच्या फेऱ्यात जातील.

म्हणून रेकॉर्ड कापतानाच खालचे स्वर दाबतात आणि वरचे चढवतात. वरचे चढवण्यात दुसराही फायदा असतो: वाजवताना ते पुन्हा खाली आणले की खाचेची खरखरही सोबत दबते. पूर्वी प्रत्येक कंपनीचं दाबण्या-चढवण्याचं प्रमाण वेगळं होतं. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, म्हणजे ‘आरआयएए’ने, एक प्रमाण ठरवलं आणि पुढे तेच जगभर रुळलं. या प्रमाणानुसार २० हर्ट्झचा स्वर जवळपास एक दशांशावर येतो. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली तर त्याचा सा साधारण १३८ हर्ट्झचा, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. ही खर्जाची तार रेकॉर्डवर जेमतेम एक षष्ठांश उरते. उलट १० हजार हर्ट्झच्या आसपासची झांजेची किणकिण जवळपास पाचपट होऊन बसते. दोघींच्या मूळ प्रमाणात तिसेक पटींची उलथापालथ झालेली असते. कोथरूडच्या आजोबांना ऐकू येत होता तो हाच अर्धवट व्यवहार, डास आणि पत्रा.

दाबलेलं उचलायचं आणि चढवलेलं उतरवायचं, हे काम ज्या छोट्या सर्किटकडे असतं त्याला फोनो प्रीअँप म्हणतात. त्याच्याकडे दुसरंही एक काम असतं. चुंबकावर चालणाऱ्या नेहमीच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे सुईच्या डब्यातून, निघणारा विद्युतसंदेश जेमतेम ५ मिलिव्होल्टचा, तर सीडी प्लेअरमधून २ व्होल्टपर्यंतचा निघतो. तेव्हा प्रीअँप तो शंभरेक पटींनी वाढवूनही देतो. हे सर्किट जुन्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातच असे आणि पाठीवर ‘फोनो’ नावाची स्वतंत्र जागा असे. कॅसेट गेली, सीडी आली, तशी ती जागा बऱ्याच अ‍ॅम्प्लिफायरमधून काढून टाकली गेली. मग टर्नटेबलवाल्यांनी प्रीअँप आपल्याच पोटात घेतला आणि तो चालू-बंद करायला मागे ती सरकपट्टी बसवली. अ‍ॅम्प्लिफायरला ‘फोनो’ची जागा असेल तर पट्टी ‘फोनो’वर ठेवून तार तिथे लावायची, नसेल तर पट्टी ‘लाइन’वर ठेवून तार ‘ऑक्स’ लिहिलेल्या जागेत लावायची. इतकंच आहे ते. दोन्हीकडचे प्रीअँप चालू राहिले तर उलटा रोग होतो: बेस इतका सुटतो की गायक पिंपात बसून गातोय असं वाटतं आणि आवाज फाटतो.

कंपन्यांना एक प्रश्न विचारायला हवा. ‘फोनो’ आणि ‘लाइन’ या दोन शब्दांवरून सर्वसामान्य माणसाने काय ओळखायचं? खोक्यातल्या पुस्तिकेत परदेशी भाषांची रांग असते, मराठीत किंवा हिंदीत एक ओळ नसते. पट्टीशेजारी एक चिकटपट्टी लावली तरी काम भागेल: “अ‍ॅम्प्लिफायरला फोनो नसेल तर इकडे सरकवा.” मिक्सरच्या भांड्यावर किती पाणी घालायचं याची रेघ आखलेली असते. मग हजारो रुपयांच्या टर्नटेबलवर दोन ओळींची काटकसर कशाला?

पट्टी बरोबर आहे, तरी बेस नाही. मग पुढचा संशयित तारा.

स्टीरिओ रेकॉर्डमध्ये एक गंमत आहे. खाचेच्या दोन भिंतींवर दोन बाजूंचे आवाज कोरलेले असतात. दोन्हीकडे जे सारखं असतं त्याने सुई आडवी हलते. दोन्हीकडे जे उलटसुलट असतं त्याने ती वर-खाली उडते. बेससारखा दांडगा आवाज उलटसुलट आला तर सुई खाचेतून बाहेरच फेकली जाईल. म्हणून रेकॉर्ड कापणारे तंत्रज्ञ खालचे स्वर दोन्ही बाजूंना सारखेच ठेवतात. परिणामी एलपीवरचा बेस जवळपास एकाच कण्याचा, मोनो असतो. आता दोनपैकी एका स्पीकरच्या तारा उलट्या जोडल्या, लाल जागी काळी आणि काळ्या जागी लाल, तर काय होईल? एक पडदा हवा पुढे ढकलेल तेव्हा दुसरा तीच हवा मागे ओढेल. वरचे स्वर तरीही ऐकू येतात, नुसते विस्कटतात. खालचे स्वर मात्र एकमेकांना खाऊन टाकतात. दोन्ही स्पीकर धडधाकट, आणि डग्गा हवेतल्या हवेत बेपत्ता.

हा दोष ओळखायला यंत्र लागत नाही. दोन्ही स्पीकर उचलून समोरासमोर, वीतभर अंतरावर ठेवायचे आणि डग्ग्याचा भरपूर आवाज असलेला एखादा तुकडा लावायचा. मग अ‍ॅम्प्लिफायर बंद करून एकाच स्पीकरच्या दोन तारा अदलाबदल करायच्या आणि तोच तुकडा पुन्हा ऐकायचा. ज्या जोडणीत छातीवर दाब जाणवेल ती बरोबर. जुने मेकॅनिक याहून सोपं करत. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेत, स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवत. सेलचं धन टोक लाल जागेला असताना पडदा बाहेर आला तर खूण बरोबर. स्पीकरमागच्या खुणा पुसल्या गेल्या असतील तर हीच युक्ती कामाला येते.

हीच चूक कार्ट्रिजच्या मागेही होते, आणि तिथे ती शोधणं डोळ्यांची परीक्षा पाहतं. सुईचा डबा ज्या छोट्या चौकटीवर बसतो तिच्या मागे केसाहून थोड्या जाड अशा चार तारा असतात. पांढरी आणि निळी डाव्या बाजूच्या, लाल आणि हिरवी उजव्या बाजूच्या. पांढरी व लाल धन, निळी व हिरवी ऋण. कार्ट्रिज बदलताना चष्मा जवळ नसला आणि लाल-हिरवी उलटी बसली की वर सांगितलेला सगळा गोंधळ जसाच्या तसा. त्या तारा बोटांनी ओढू नयेत. भुवया कोरायच्या चिमट्याने टोकाची पितळी नळीच धरावी, तार नव्हे. तार तुटली तर डाग द्यायला हात फार स्थिर लागतो.

जुन्या यंत्रांचं दुखणं अगदीच वेगळं. आजोबांचा स्वतःचा जुना एचएमव्हीचा प्लेअर, फिएस्टा किंवा कॅलिप्सो, माळ्यावरून काढायचा, त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरला फाटा देऊन तार थेट आधुनिक ‘ऑक्स’मध्ये खुपसायची, हा प्रयोग अनेक घरांत होतो. आवाज येतो, मोठाही येतो, पण बेस नाही. म्हणून प्रीअँप जोडला की आवाज फाटतो. दोन्हीकडून पंचाईत. कारण त्या काळच्या घरगुती प्लेअरमध्ये बहुधा चुंबकाचं कार्ट्रिज नसे, सिरॅमिकचं किंवा क्रिस्टलचं असे. दाबला की वीज देणारा तो एक छोटासा तुकडा. तो भरपूर व्होल्ट देतो, पण त्याची अट अशी की पुढच्या सर्किटने त्याच्याकडून फार ओढून घेऊ नये. त्याला समोर १० लाख ओहमच्या आसपासचा रोध लागतो. आजच्या ‘ऑक्स’मध्ये हा रोध काही दहा हजार ओहमचाच असतो. तिथे त्याचा दम सुटतो आणि पहिला बळी जातो तो खालच्या स्वरांचा.

उपाय फुटकळ आहे: उच्च रोधाचं एक छोटं बफर सर्किट, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या चिल्लर सुट्या भागांतून जुळवता येणारं. पण ते जुळवणारा माणूस कुठे आहे? प्रत्येक पेठेत, प्रत्येक तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्तीचं दुकान असे आणि तिथल्या माणसाला हे तोंडपाठ असे. रेडिओ गेले, दुकानांवर मोबाइलचे फलक आले. यंत्र परत आलं, पण ते यंत्र कळणारी पिढी पुरेशी उरली नाही, आणि तिची जागा सबवूफरच्या सल्ल्याने भरून निघत नाही.

क्रिस्टलच्या कार्ट्रिजबाबत एक कटू सत्य सांगून टाकलेलं बरं. त्यातला स्फटिक रोशेल सॉल्टचा, म्हणजे चक्क एका क्षाराचा असतो आणि दमट हवा त्याला मानवत नाही. मुंबईतले नाहीतर कोकणातले चाळीस-पन्नास पावसाळे पाहिलेलं क्रिस्टल कार्ट्रिज मुकं झालं असेल तर त्यात जोडणाऱ्याचा दोष नाही. ते बदलायचं.

सुटकेसच्या आकाराचे जे नवे ‘रेट्रो’ प्लेअर भेट म्हणून दिले जातात, त्यांच्याकडून बेसची अपेक्षा करणं हाच मुळात अन्याय आहे. झाकणापुढे दोन-तीन इंचांचे स्पीकर बसवलेले असतात. ५० हर्ट्झच्या लाटेची लांबी जवळपास ७ मीटर. ती उठवायला हवा ढकलावी लागते, आणि एवढ्याशा कागदी वाटीत तेवढी ताकद नसते. दिसायला गोजिरं, ऐकायला टेलिफोन. त्यापुढची गंमत म्हणजे ‘शुद्ध अ‍ॅनालॉग’ आवाजाच्या ओढीने टर्नटेबल घ्यायचा आणि तो ब्लूटूथने मुठीएवढ्या डिजिटल स्पीकरला जोडायचा. करावं, खुशाल करावं, पण मग रेकॉर्डीला बोल लावू नये.

काही जण सांगतात की आपल्याकडे बेस भरपूर आहे, रेकॉर्ड लावायच्या आधीपासून एक दमदार घुं ऐकू येतो. तो ५० हर्ट्झचा असतो, आणि तो महावितरणचा असतो. टर्नटेबलमागून निघणारी जमिनीची बारीक तार अ‍ॅम्प्लिफायरच्या स्क्रूला बांधली की सहसा जातो. मात्र तो ऐकू येत होता याचा अर्थ स्पीकर खालचे स्वर थोडेफार वाजवू शकतो, एवढी एक चाचणी फुकटात झाली.

सुईच्या वजनाची गोष्ट थोडक्यात. आजच्या बहुतेक घरगुती चुंबकी कार्ट्रिजना दीड ते दोन-सव्वादोन ग्रॅम वजन लागतं. नेमका आकडा बनवणारी कंपनी देते. रेकॉर्ड झिजेल या भीतीने लोक वजन कमी ठेवतात. मग खोल वळणं सुईच्या हातून निसटतात, आवाज भुसभुशीत होतो आणि झीजही उलट वाढते, कारण सैल सुई भिंतींवर आपटत जाते. सोनाराच्या काट्यासारखा छोटा डिजिटल काटा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. सबवूफरआधी तो घ्यावा.

बेसच्या बटणाबद्दल शौकीन मंडळींत एक सोवळेपणा आहे. आवाजाला हात लावायचा नाही, जे रेकॉर्डवर आहे तेच ऐकायचं. म्हणून महागड्या अ‍ॅम्प्लिफायरवरून बेस-ट्रेबलची बटणंच गायब झाली. हा सोवळेपणा अनाठायी आहे. रेकॉर्ड कापणाऱ्याने बेसला हात लावला, प्रीअँपने लावला, खोली तर लावणारच आहे. मग ऐकणाऱ्याने बटण दोन घरं फिरवलं तर कुठला धर्म बुडाला? फक्त एक पथ्य: जोडणीतली चूक बटणाने झाकू नये. पट्टी चुकीची असताना बेस कितीही वाढवला तरी प्रीअँपची भरपाई होत नाही, आणि चढलेली किणकिण तशीच राहते.

राहिली खोली. इथे मात्र पैसे असून उपयोग नाही, भूमिती पाळावी लागते. आपल्याकडच्या दिवाणखान्याची एक बाजू बहुधा १० फुटांच्या आसपास, साधारण ३ मीटर. काँक्रीटच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत ५७ हर्ट्झच्या आसपासची लाट अडकते आणि उभी राहते. भिंतीपाशी तिचा जोर सर्वांत जास्त असतो, बरोबर मधोमध जवळपास शून्य. आणि माणूस खुर्ची टाकतो कुठे, तर बरोबर मधोमध. म्हणजे स्पीकर बेस देतोय, हवा तो वाहतेय आणि ऐकणारा नेमका त्या जागी बसलाय जिथे तो पोचत नाही. पाहायचं असेल तर तंबोऱ्याचा नुसता खर्ज लावून खोलीत हळूहळू चालावं. दोन पावलांत स्वर भरतो, पुढच्या दोन पावलांत ओसरतो. स्पीकर भिंतीजवळ सरकवला तर बेस वाढतो, कोपऱ्यात नेला तर आणखी वाढतो, कधी नको इतका. खुर्ची मागच्या भिंतीकडे सरकवणं हा सर्वांत स्वस्त सबवूफर आहे. फक्त टर्नटेबल आणि स्पीकर एकाच शोकेसवर ठेवू नयेत; बेस लाकडातून सुईपर्यंत जातो, सुई तो पुन्हा स्पीकरला देते आणि गुरगुरीचं चक्र सुरू होतं.

एवढं सगळं करूनही एखाद्या रेकॉर्डीवर डग्गा येत नाही. कारण तो मुळात तिच्यावर नसतो. रेकॉर्डीची बाजू जितकी लांब तितकी खाच दाटीने आणि हळू आवाजात कापावी लागते. अर्ध्या तासाच्या जवळ जाणाऱ्या बाजूवर घुमाऱ्याला जागा राहत नाही. नाचगाण्यांसाठी बारा इंची आणि ४५ फेऱ्यांच्या रेकॉर्डी निघाल्या त्या याचसाठी: एकच गाणं, हात पसरायला ऐसपैस जागा. ख्यालाच्या अनेक जुन्या एलपींवर तबला मुद्दामच मागे ठेवलेला असे. गायक पुढे, ठेका पडद्याआड.

आणि ७८ फेऱ्यांच्या तबकड्या! कलकत्त्यात १९०२ मध्ये गौहर जान गायल्या त्या मायक्रोफोनसमोर नव्हे, कर्ण्यासमोर. आवाजाच्या धक्क्यानेच सुई हलायची आणि मेणात खाच पडायची. असा कर्णा खालचे स्वर पकडूच शकत नसे. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५ नंतर आलं. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या या दोन्ही काळांत निघाल्या: एक खेप १९०५ च्या सुमाराची, दुसरी १९३० च्या दशकातली. दोन्ही एकापाठोपाठ ऐकल्या तर गळा तोच, पण पहिल्या खेपेत भोवती पोकळी आणि दुसऱ्या खेपेत साथीला अंग आलेलं. ज्या मिरजेत तंबोरे घडतात, तिथल्या गायकाच्या पहिल्या तबकड्यांत तंबोऱ्याचा खर्ज सापडत नाही. तिथे कोणती सुई लावणार? शिवाय ७८ च्या तबकडीला एलपीची बारीक सुई चालत नाही, ती रुंद खाचेच्या तळाशी घासत जाते. तिला तीनपट जाड सुई लागते. आणि त्या काळी आरआयएएचं प्रमाण नसल्याने आजचा प्रीअँप त्यांचा तोल जरा चुकवतोच. तिथे बेसचं बटण मोकळ्या मनाने फिरवावं.

कोथरूडच्या घरात पट्टी सरकली, तारा तपासून झाल्या, काट्यावर सुई दोन ग्रॅम भरली. नातीने आजोबांची आरामखुर्ची मागच्या भिंतीला लावून दिली आणि तीच एलपी पुन्हा लावली. आजोबांनी डोळे मिटले, मांडीवर डाव्या हाताने घिस्सा देऊन पाहिला, मान डोलावली. द्रुत संपल्यावर मात्र ते उठले आणि खुर्ची पुन्हा ओढत खोलीच्या मधोमध, पंख्याखाली घेऊन आले.

“आजोबा, इथे डग्गा नाही पोचत.”

“माहीत आहे गं. पण तिथे वारा नाही पोचत.”